कुलाब्याचा किनारा आणि परमुलखी प्रवाशाचे अभय

एखाद्या मुलखास हिंसेची ख्याती एकदा चिकटली, म्हणजे त्या मुलखाविषयीचे पुढील लेखन बहुधा तिच्याच छायेत होते. कोकण किनाऱ्याची अशी ख्याती फार प्राचीन आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात टॉलेमीने सिमुल्ला, म्हणजे चौल, ह्या बंदराच्या दक्षिणेस असलेला किनारा चाच्यांचा म्हणून नोंदविला. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याच्या राजाविषयी लिहिले की, त्याचा चाच्यांशी करार असून लुटीतील घोडे राजाचे व बाकीचा माल चाच्यांचा, अशी वाटणी ठरलेली होती. अठराव्या शतकातील इंग्रजी कागदपत्रांत आंग्र्यांचे नाव 'चाचा' ह्या विशेषणावाचून क्वचितच येते. १९८१ पर्यंत कुलाबा ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या परमुलखी माणसास खरोखर कोणापासून भय होते आणि त्याला अभय कोण देत असे, हा प्रश्न मात्र ह्या ख्यातीच्या गदारोळात मागे पडला. त्याचा विचार केल्यास किनाऱ्याच्या इतिहासाचे निराळे चित्र दिसू लागते.

१

ह्या प्रश्नाचा सर्वांत जुना तपशीलवार पुरावा दहाव्या शतकातील आहे. अरब इतिहासकार अल्-मसूदी हिजरी ३०४, म्हणजे इ. स. ९१६-१७, ह्या वर्षी सैमूर येथे आला. सैमूर म्हणजे चौल. राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेल्या शिलाहारांपैकी झंझ हा त्या वेळी तेथे राज्य करीत होता. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इत्यादी ठिकाणांहून आलेले आणि येथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान त्या नगरात राहत असल्याचे मसूदी सांगतो. संख्या अंदाजाची असली, तरी त्याने वर्णिलेली व्यवस्था महत्त्वाची आहे. ह्या परकीयांचा प्रमुख त्यांच्यातीलच एक प्रतिष्ठित गृहस्थ असे. राजा त्याची नेमणूक करी आणि त्यांचे व्यवहार त्याच्याकडे सोपविलेले असत. सागरावर चाचे असतील. परंतु किनाऱ्यावर उतरलेल्या उपऱ्यास आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडावे हे ठाऊक होते. त्याच्या सुरक्षिततेचा खरा आधार हाच होता.

असा आधार नसला म्हणजे काय घडे, हे पंधराव्या शतकातील रशियन व्यापारी अफनासी निकितिन ह्याच्या अनुभवावरून कळते. हिंदुस्थानाकडे निघालेल्या ह्या मनुष्यास पहिली लूट सोसावी लागली ती व्होल्गा नदीच्या मुखाशी, तार्तारांच्या हातून. १४७० च्या सुमारास तो एक घोडा घेऊन चौलास उतरला आणि पाली, उमरी ह्या वाटेने जुन्नरास पोहोचला. हा मुलूख तेव्हा बहमनी सत्तेखाली होता. निकितिन मुसलमान नाही असे कळताच जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा अडकवून ठेवला. धर्मांतर केल्यास घोडा व एक हजार सुवर्णनाणी देऊ, न केल्यास घोडा जाईल व वर हजार नाणी दंडही घेऊ, असे सांगून त्याने चार दिवसांची मुदत दिली. खुरासानचा एक ख्वाजा महंमद मध्ये पडला, तेव्हा निकितिनला घोडा परत मिळाला आणि त्याचा धर्मही शाबूत राहिला. ज्याच्याकडून त्याला भय प्राप्त झाले तो वाटमारा नव्हता, प्रांताचा अधिकारी होता. आणि त्याला सोडविले ते कायद्याने नव्हे, एका वजनदार माणसाच्या शब्दाने. निकितिनच्या पाठीशी चौलात कोणी प्रमुख नव्हता, हाच त्याच्या व मसूदीच्या काळच्या परदेशीयांमधील भेद होय.

२

सोळाव्या शतकात हे अभय कागदावर आले. पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये निजामशहाच्या संमतीने चौल येथे किल्ला बांधण्यास आरंभ केला आणि 'कार्ताझ' नावाच्या परवान्यांची पद्धत ह्या समुद्रावर लादली. तारवाचे व नाखुद्याचे नाव, शस्त्रे, माल व जाण्याचे ठिकाण कार्ताझमध्ये नमूद असे. तो जवळ नसलेले जहाज पोर्तुगीज आरमार कायदेशीर लूट समजून पकडी. ज्यास कार्ताझ विकत घ्यावा लागे त्या गुजराती वा कोकणी नाखुद्याच्या दृष्टीने ही खंडणीच होती. लिस्बनच्या दृष्टीने तो सागरावरील सार्वभौमत्वाचा वापर होता.

ही सत्ताही भयमुक्त नव्हती. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या वेळी मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मे १६७४ मध्ये शिबाडातून रायगडाकडे निघाला. रात्री तो पोर्तुगीज चौलास पोहोचला, तो नगराचे दरवाजे बंद होऊन पहारे बसलेले. त्याने ती रात्र तटाबाहेरील एका चर्चमध्ये काढली. दुसऱ्या दिवशी तो वरच्या चौलात, म्हणजे महाराजांच्या मुलखात गेला, आणि पुढे अष्टमी, निजामपूर ह्या मार्गाने सुखरूप पाचाडास पोहोचला. मित्रराष्ट्राच्या तटाने दार लावले आणि ज्या राज्याची युरोपीय लेखनात लुटारू म्हणून निंदा होत होती, त्याच्या मुलखातून वकिलाचा प्रवास निर्वेध झाला.

ह्याच वाटाघाटींत एक कलम अडले. वादळाने किनाऱ्यास लागलेली इंग्रजांची जहाजे व माल परत मिळावा, अशी कंपनीची मागणी होती. ऑक्झिंडेनच्या वृत्तांतानुसार महाराजांनी ती प्रथम नाकारली. असे करणे कोकणच्या रिवाजाविरुद्ध होईल आणि इंग्रजांस सवलत दिल्यास फ्रेंच व डच तीच मागतील, असे त्यांचे म्हणणे होते. फुटलेल्या तारवावर किनाऱ्याच्या धन्याचा हक्क हा युरोपातही अपरिचित नसलेला जुना रिवाज होता. परमुलखी व्यापाऱ्यास मात्र तीच गोष्ट लुटीसारखी वाटे.

३

कान्होजी आंग्र्यांच्या काळात हा विरोध शिगेस पोहोचला. नोव्हेंबर १७१२ मध्ये मुंबईच्या गव्हर्नरचे सशस्त्र जहाज कारवारहून येत असता आंग्र्यांच्या गुराबांनी त्याला गाठले. कारवारच्या वखारीचा प्रमुख टॉमस चाऊन लढाईत ठार झाला. त्याची तरुण पत्नी कॅथरीन कैद होऊन कुलाबा किल्ल्यात आली. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिची सुटका झाली. तिला आणण्यास गेलेल्या अधिकाऱ्यास तिची विपन्नावस्था पाहून आपली वस्त्रे तिच्या अंगावर घालावी लागली, असे इंग्रजी वृत्तांत सांगतो. तो एका पक्षाचा असला, तरी विधवा झालेल्या निःशस्त्र स्त्रीस महिनोन्महिने ओलीस ठेवून तिचे मोल घेतले गेले, ही गोष्ट नाकारता येत नाही. कान्होजी हे छत्रपतींचे सरखेल होते. त्यांनी वसूल केलेली जकात व दिलेली दस्तके राजसत्तेच्या अधिकारातील होती. मराठी इतिहासकारांनी हे साधार दाखवून दिले आणि 'चाचा' हा शब्द खोडून काढला, ते योग्यच झाले. परंतु अधिकार सिद्ध झाल्याने बंदिवानाचे दुःख असिद्ध ठरत नाही. ह्या दोन गोष्टी एकत्र धरून ठेवणे हेच येथे इतिहासकाराचे अवघड कर्तव्य आहे.

त्या सुटकेबरोबर झालेला तह अधिक बोलका आहे. इंग्रज निशाणाच्या जहाजांस आंग्र्यांनी उपद्रव देऊ नये. आणि इंग्रज राष्ट्राचे प्रजाजन नसलेल्या व्यापाऱ्यांच्या जहाजांस कंपनीने आपले निशाण लावू देऊ नये, असे त्यात ठरले. पुढील सारे भांडण ह्या दुसऱ्या कलमाभोवती फिरले. मुंबईतील हिंदी व्यापाऱ्याचे गलबत इंग्रजांचे मानावयाचे, की आंग्र्यांचे दस्तक घेण्यास बांधलेले मानावयाचे? इंग्रज व पोर्तुगीज ह्यांची १७२१ मधील कुलाब्यावरील संयुक्त मोहीम फसली, तरी हा प्रश्न सुटला नाही. एका सत्तेचे अभयपत्र दुसरी सत्ता मानीत नव्हती आणि मधल्या मध्ये उतारू व नाखुदे भरडले जात होते. उलट, सत्तांचे परस्परसंबंध स्थिर होताच हाच किनारा पाहुण्यास सुरक्षित झाला. १७७१ मध्ये जेम्स फोर्ब्स ह्या इंग्रजाने अलिबाग पाहिले आणि राघोजी आंग्र्यांविषयी प्रसन्नपणे लिहिले. घराणे तेच होते, किल्ला तोच होता आणि कोळी-भंडारी खलाशीही त्याच वस्त्यांतले होते.

४

हिंसा ही किनाऱ्याच्या स्वभावात असते, ह्या समजुतीस आणखी एक घटना छेद देते. सप्टेंबर १६९५ मध्ये मक्केहून यात्रेकरू घेऊन सुरतेस परतणारे 'गंज-ए-सवाई' हे बादशाही जहाज हेन्री एव्हरी ह्या इंग्रज चाच्याने लुटले. जहाजावरील स्त्रियांवर अत्याचार झाले. त्याचा जाब म्हणून सुरतेच्या इंग्रज वखारवाल्यांस बेड्या पडल्या. तथापि, ह्यावरून इंग्लंडच्या किनाऱ्यास चाच्यांचा किनारा म्हणण्याचा प्रघात पडला नाही. कोणत्या मुलखाची ख्याती टिकावी हे घटनेइतकेच दप्तरे कोणाची जपली गेली ह्यावरही अवलंबून असते. रेवस-मांडव्याहून मुंबईस होडीने ये-जा करणाऱ्या सामान्य उतारूचे भय कोणत्याच वृत्तांतात उतरले नाही, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे.

हा विचार केवळ गतकालापुरता नाही. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठी लागलेली स्फोटके ह्याच जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरविली गेली होती. त्यामुळे १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वराजवळ 'लेडी हान' नावाची निर्मनुष्य नौका तीन एके-४७ बंदुकांसह लागली, तेव्हा साऱ्या राज्यात भीती पसरली. चौकशीअंती निष्पन्न झाले ते निराळेच. नौका ऑस्ट्रेलियन मालकीची असून मस्कतहून युरोपकडे निघाली होती. जून महिन्यात ती समुद्रात निकामी झाली आणि तिच्यावरील माणसांची सुटका एका कोरियन युद्धनौकेने केली होती. भीतीचे निरसन झाले ते मालकाचे नाव, निघाल्याचे बंदर व सुटकेची नोंद ह्यांनी. आणि त्या नोंदी वेगवेगळ्या राष्ट्रांनी एकमेकांच्या खऱ्या मानल्या म्हणून.

आजची सरकारे आपल्या नागरिकांना अमुक देश धोक्याचा, तमुक निर्धास्त, अशा सूचना देत असतात. त्यांत बहुधा गुन्ह्यांची मोजदाद असते. कुलाब्याच्या किनाऱ्याचा हजार वर्षांचा अनुभव आणखी एक कसोटी सुचवितो. परक्या माणसास त्या देशात आपले गाऱ्हाणे कोणापुढे मांडता येते आणि त्याच्या हातातील कागद तेथे कोण मानतो? मसूदीच्या चौलात ह्याचे उत्तर होते. निकितिनला ते योगायोगाने मिळाले. कॅथरीन चाऊनला ते तीस हजार रुपये मोजल्यावर मिळाले.