गोरेवाड्यातले वाघ, बिबट, अस्वल आले कुठून? परत जंगलात का सोडत नाहीत? वाचा सविस्तर

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की खेड्यातून नागपूरला पाहुणे म्हणून जाणाऱ्या पोरांचा एकच हट्ट असतो, वाघ पाहायचा. आधी त्यासाठी महाराजबाग होती. आता काटोल रोडवरच्या गोरेवाड्याचं नाव निघतं. घरातली म्हातारी माणसं मात्र हसतात. धुऱ्यावर फुकटात येतो, त्याला पाहायला तिकीट कशाला, असं त्यांचं म्हणणं. बोलणं गमतीचं असलं तरी त्यात तथ्य आहे. गोरेवाड्याच्या भारतीय सफारीत जे प्राणी दिसतात ते बाहेरदेशाचे नाहीत. वाघ, बिबट, अस्वल आणि रोही, म्हणजे नीलगाय, हेच विदर्भातल्या शेतकऱ्याचे शेजारी तिथं आहेत.

गोरेवाडा काय आहे?

नागपूर शहराला लागून गोरेवाडा तलाव आहे आणि त्याच्याभोवती सुमारे १,९०० हेक्टर जंगल. ही जागा महाराष्ट्र वन विकास महामंडळाकडे आहे. त्यातल्या एका भागात प्राणी उद्यान उभं राहिलं. २६ जानेवारी २०२१ ला भारतीय सफारी सुरू झाली आणि उद्यानाला बाळासाहेब ठाकरे यांचं नाव दिलं गेलं. इथं पिंजऱ्यासमोर उभं राहून प्राणी पाहायचे नसतात. माणूस बंद बसमध्ये आणि प्राणी मोकळे, अशी उलटी व्यवस्था आहे. वाघ, बिबट, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी यांच्यासाठी कुंपण घातलेले वेगवेगळे भाग आहेत.

बहुतेक प्राणी उद्यानांना गर्दी खेचायला परदेशी प्राणी लागतात. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट पेंग्विन आणले, ते मूळचे दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे. त्यांना बारा महिने थंड खोलीत ठेवावं लागतं. विदर्भातल्या अस्वलाला विदर्भाचं ऊन, इथली झाडं आणि इथला पाऊस नवा नाही. गोरेवाड्यातही पुढे आफ्रिकन सफारीची योजना आहेच. पण गावातल्या माणसाच्या कामाची म्हणाल तर ही देशी सफारीच.

प्राणी येतात कुठून?

गोरेवाड्यात २०१५ पासून वन्यप्राणी बचाव केंद्र आहे. विहिरीत पडलेला बिबट, फासात पाय अडकलेला वाघ, आई मेलेलं अस्वलाचं पिल्लू, माणसावर हल्ले केल्यामुळे पकडलेला वाघ, असे प्राणी अशा केंद्रात आणले जातात. पशुवैद्यक डॉक्टर त्यांना तपासतात, उपचार करतात. हे केंद्र लोकांना पाहायला खुलं नसतं. माणसांची सवय लागू नये हे त्याचं कारण. सफारीचा भाग वेगळा आणि केंद्र वेगळं, हे ध्यानात ठेवावं. जो प्राणी परत जंगलात जाऊ शकत नाही, त्याच्यासाठी सफारी हा एक रस्ता असतो.

मग सोडत का नाहीत, हा प्रश्न गावोगावी विचारला जातो. धडधाकट प्राणी सोडतातही. अहमदनगर जिल्ह्यात २००९ मध्ये विहिरीतून काढलेल्या एका म्हाताऱ्या बिबट्याला गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडलं होतं. तो सुमारे १२० किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला. त्याला ‘आजोबा’ नाव पडलं आणि पुढे त्याच्यावर मराठी सिनेमाही निघाला. दुसरीकडं, पिंजऱ्याचे गज चावून ज्याचे सुळे तुटले तो शिकार धरणार कशी? तारेच्या फासानं पंजा गेला तर धावणार कसं? वाघिणीची पिल्लं जवळपास दोन वर्षं आईसोबत राहून शिकार शिकतात. दूधपित्या वयात आईपासून तुटलेलं पिल्लू माणसाच्या हातून खाऊन मोठं झालं तर त्याला माणसाची भीती राहत नाही. असा वाघ सोडला तर तो सरळ गोठ्यावर येईल. धोका मग त्यालाही आणि गावालाही.

आणखी एक गोष्ट गावात पटकन पटत नाही. बिबट पकडून नेला म्हणजे गाव मोकळं झालं असं होत नाही. त्याची हद्द रिकामी झाली की दुसरा येतो. पुणे जिल्ह्यात जुन्नरकडं बिबटे पकडून दुसरीकडं सोडायचा प्रयोग झाला होता. जिथं सोडले तिकडं हल्ले वाढल्याचं अभ्यासकांना आढळलं.

सफारीत काय पाहून यावं?

वाघ आणि बिबट यातला फरक पोरांना सांगता येतो, पण रात्री बॅटरीच्या उजेडात मोठी माणसंही चुकतात. वाघाच्या अंगावर आडवे पट्टे आणि बिबट्याच्या अंगावर फुलांसारखे ठिपके असतात. बिबट अंगानं लहान, पण तो झाडावर सहज चढतो, शेळी किंवा कुत्रं तोंडात धरून उडी मारतो. बंद गोठ्याचं महत्त्व त्याच्या उडीवरून कळतं. दोघांच्याही पायाच्या ठशात नखं उमटत नाहीत, कारण चालताना ती आत असतात. ठशात नखं दिसली तर बहुतेक वेळा तो कुत्रा, लांडगा किंवा तडस असतो. वावरात ठसा दिसला की फोटो गावभर पाठवण्याआधी एवढं पाहिलं तरी निम्म्या अफवा थांबतील.

अस्वल मात्र नीट वेळ देऊन पाहावं. मोह वेचणाऱ्या बाया-माणसांना वाघापेक्षा अस्वलाची धास्ती जास्त असते, ती उगीच नाही. लांब नखं वारूळ फोडायला असतात. वरचे पुढचे दोन दात नसतात, त्या फटीतून ते उधई ओढून घेतं. मोह, बोरं, मध हे त्याचं आवडतं खाणं. नाक तीक्ष्ण, पण नजर कमी. खाण्यात गुंग असलं की माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला कळत नाही, आणि मग ते दचकून अंगावर येतं. चेहऱ्यावर आणि डोक्यावर जखमा होतात त्या यामुळेच. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहावर एकट्यानं जाऊ नये, चार जणांनी बोलत, आवाज करत जावं.

रोही पाहून शेतकऱ्याला काही कौतुक वाटायचं नाही. तूर, चना कोणी खाल्ला ते त्याला माहीत असतं.

२०२४ चा डिसेंबर

गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट मेले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या संघर्षानंतर पकडून आणलेले हे वाघ होते. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचा एच५एन१ विषाणू निघाला. खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसावर संशय गेला. ज्यांना वाचवायला आणलं तेच असे गेले, ही बातमी तेव्हा राज्यभर गाजली. कोंबड्या पाळणाऱ्यांनी यातून एक घ्यावं. मर लागलेल्या कोंबड्या नाल्यात किंवा जंगलाच्या कडेला टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.

पिल्लू सापडलं तर

तुरीत, पऱ्हाटीत किंवा उसात बिबट्याची पिल्लं दिसली तर हात लावायचा नाही. सेल्फी नाही, घरी दूध पाजणं नाही. आई बहुतेक जवळच असते आणि अंधार पडल्यावर पिल्लं घेऊन जाते. वन विभागाची माणसं पिल्लांना त्याच जागी ठेवून आईची भेट घडवतात, असं अनेकदा झालं आहे. उचलून आणलेलं पिल्लू जन्मभर कुंपणात राहण्याची शक्यता जास्त. शिवाय वाघ, बिबट, अस्वल हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत, त्यामुळे पकडणं, पाळणं किंवा मारणं हा गुन्हा ठरतो. बिबट विहिरीत पडला, जनावर मारलं गेलं किंवा फास दिसला तर राज्य वन विभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे, नाहीतर गावच्या वनरक्षकाला फोन करावा. विहिरीभोवती गर्दी करू नये. प्राणी वर येताना घाबरलेला असतो आणि पहिली वाट दिसेल तिकडं पळतो.

गोरेवाड्याला जायचं तर निघण्याआधी सुट्टीचा वार, वेळ आणि तिकिटाचा दर मोबाईलवर पाहून घ्यावा. दुपारच्या उन्हात वाघ-बिबट सावलीला झोपलेले असतात, त्यामुळे जमलं तर सकाळची पहिली फेरी धरावी.