मारका कोंबडा : सुरतेच्या मुलुखातला एक जुना प्रश्न

बैल मारका निघतो तसा कोंबडाही मारका निघतो. पाच-सहा महिन्यांचा तलंगा आरवू लागला की त्याची चाल बदलते. एक पंख जमिनीकडे झुकवून तो तिरका तिरका जवळ येतो, मानेची पिसे फुलवतो आणि माणसाने पाठ फिरवली की पोटरीवर उडी घेतो. पायामागचा काटा वयाबरोबर लांबत जातो. दोन वर्षांच्या कोंबड्याचा काटा लहान मुलाच्या डोळ्यापर्यंत पोचला तर इजा कायमची होते. त्यामुळे परसात कोंबड्या पाळणाऱ्या घराला हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या सोडवावा लागला आहे.

सुरतेच्या पूर्वेला सोनगड, व्यारा, उच्छल आणि पुढे डांगचे जंगल लागते. या डोंगरांत करड्या रंगाचा रानकोंबडा आजही आरवतो. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, असे डार्विनने १८६८ मध्ये मांडले आणि ते बहुतांशी खरे ठरले. मात्र अनेक पाळीव जातींच्या पिवळ्या कातडीचे जनुक करड्या रानकोंबड्याकडून आले, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे डांगच्या झाडीत राहणारा हा पक्षी अंगणातल्या कोंबडीचा दूरचा नातलग ठरतो. रानात नराला आपला टापू आणि आपल्या माद्या राखाव्या लागतात. त्यासाठी लागणारा तापट स्वभाव तो खुराड्यातही घेऊन आला.

हा स्वभाव येतो कुठून, याचे पहिले ठोस उत्तर १८४९ मध्ये मिळाले. जर्मनीतल्या ग्योटिंगेन येथे आर्नोल्ड बेर्टहोल्ड यांनी तलंग्यांची वृषणे काढली, तेव्हा त्यांचे तुरे खुजे राहिले आणि आरवणे व भांडणे थांबली. ज्यांच्या पोटात वृषण पुन्हा बसवले, ते नेहमीच्या कोंबड्यांसारखेच वाढले. संप्रेरकांच्या अभ्यासाची सुरुवात अशी एका भांडखोर पक्ष्यापासून झाली. पुढे १९२० च्या दशकाच्या आरंभी नॉर्वेचे थोर्लेइफ श्येल्डेरुप-एब्बे यांनी कोंबड्यांच्या कळपात कोण कोणाला टोचतो याची ठरलेली उतरंड असते, हे दाखवले. माणसावर धावणारा कोंबडा बहुधा माणसालाही याच उतरंडीत मोजत असतो.

गावाने या प्रश्नाकडे नेहमीच व्यवहाराने पाहिले. आठ-दहा कोंबड्यांमागे एकच कोंबडा ठेवायचा. बाकीचे तलंगे आठवड्याच्या बाजारात विकायचे किंवा पाहुणा आला की कापायचे. भांडणारा दिवसभर डालग्याखाली झाकायचा किंवा पायात सुतळी घालून खुंटीला बांधायचा. ‘कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही’ या म्हणीतही हे झाकणे दिसते. काट्याचे निबर टोक तेवढे छाटतात; आत हाड असल्याने मुळापासून कापले तर रक्त वाहते. देवाचा नवस हीसुद्धा एक वाट होती. सातपुड्यातल्या देवमोगऱ्याला महाशिवरात्रीच्या यात्रेत गुजरात आणि नंदुरबारचे आदिवासी याहामोगी देवीला मोहाची दारू, बोकड आणि कोंबडा वाहतात.

तरीही मारकेपणाला निखळ दोष मानता येत नाही. घार झडप घालते किंवा मुंगूस खुराड्यात शिरते तेव्हा आडवा येतो तो हाच कोंबडा. अगदी गरीब स्वभावाचा कोंबडा ठेवला तर पिल्ले राहत नाहीत आणि अति तापट ठेवला तर पोरे अंगणात खेळत नाहीत. दक्षिण गुजरातची अंकलेश्वर ही गावठी जात अशाच घरगुती निवडीतून टिकली. भरूच आणि नर्मदा जिल्हे हा तिचा मूळ मुलूख. पूर्वेकडे बस्तर आणि आंध्रातल्या असीलची निवड उलट दिशेने, झुंजीसाठी झाली. तिथे माघार न घेणारा नर तेवढा वंशाला ठेवत. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने झुंजी लावणे गुन्हा ठरवले, पण ते रक्त त्या जातीत अजून आहे.

खुद्द सुरत शहराची रीत वेगळी होती. तिथल्या जैन आणि वैष्णव व्यापाऱ्यांनी पांजरपोळ चालवली. १७७२ च्या सुमाराच्या इंग्रजी वर्णनात तिथे घोडे, बैल, बकऱ्या, माकडे, कबुतरे आणि एका म्हाताऱ्या कासवाबरोबर कोंबड्याही होत्या. गावात ज्या पक्ष्याची वाट सुरीकडे जाई, त्याला शहरात मरेपर्यंत दाणा मिळू शकत होता. एकाच मुलुखातल्या या दोन रीतींची तुलना क्वचितच केली जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सुरत–भुसावळ लोहमार्गावरच्या नवापूरला अंड्यांच्या पोल्ट्री उभ्या राहिल्या. पिंजऱ्यात फक्त माद्या असतात. नर पिल्ले उबवणी केंद्रातच पहिल्या दिवशी वेगळी काढतात. तिथे मारका कोंबडा नसतो, कारण कोंबडाच नसतो. फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू याच नवापुरात सापडला. लाखो पक्षी मारले गेले. पोल्ट्रीबरोबर आसपासच्या घरांतले परसातले पक्षीही त्या मोहिमेत गेले आणि त्यांच्याबरोबर घरोघरी निवडून राखलेले नरही गेले.

अशी निवड पुन्हा जमायला कोंबड्यांच्या अनेक पिढ्या जातात. ज्यांच्या परसात अजून गावठी कोंबडी रवणावर बसते, त्यांनी अंडी राखताना बापाकडे पाहावे. घारीवर धावणारा आणि पोरांना वाट देणारा कोंबडाच वंशाला ठेवावा.