ई-मेलचा पत्ता आणि ई-मेलची वाट : मुख्य व राखीव सर्व्हरच्या निवडीचा इतिहास, वऱ्हाडातील महाविद्यालयांच्या संदर्भात

बीजसंज्ञा : ई-मेल, एमएक्स नोंद, राखीव सर्व्हर, पिनकोड, अर्नेट, वऱ्हाड

प्रस्तावना

महाविद्यालयांचा पत्रव्यवहार गेल्या दोन दशकांत मोठ्या प्रमाणावर कागदावरून ई-मेलवर आला. विद्यापीठाची परिपत्रके, नॅककडील पत्रे, परीक्षकांच्या नेमणुका, शोधनिबंधांवरील अभिप्राय हे सारे आता याच मार्गाने येते. हा मार्ग ज्या नियमांवर चालतो त्यांचा विचार मात्र संगणकशास्त्र विभागाबाहेर फारसा होत नाही. एखाद्या संस्थेचा मेल सर्व्हर बंद असताना तिच्या नावाने आलेले पत्र कोठे जाते, कोणाकडे थांबते आणि ते कोठे न्यावे हे कोण ठरवते, हे प्रश्न वरवर तांत्रिक वाटतात. त्यांची उत्तरे मात्र इतिहासात सापडतात.

प्रस्तुत लेखात मुख्य आणि राखीव मेल सर्व्हरच्या निवडीचे नियम कसे घडले, भारतात त्यांची गरज कशी होती आणि आज त्यांचे स्वरूप कसे बदलले आहे, याचा आढावा घेतला आहे. लेखाचे प्रतिपाद्य असे की, पत्ता आणि वाट यांची फारकत हा या इतिहासाचा गाभा आहे. वाटेची यादी लिहिण्याचा अधिकार ज्याच्याकडे, संस्थेच्या पत्रव्यवहाराचे नियंत्रणही अंतिमतः त्याच्याकडेच राहते.

१. टपालातील पूर्वपीठिका

पत्ता आणि वाट यांतील भेद वऱ्हाडाला नवा नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. अकोला आणि बडनेरा ही स्थानके या मुख्य मार्गावर आली. अमरावती शहर मात्र मार्गापासून बाजूला राहिले आणि पुढे बडनेऱ्याहून निघणाऱ्या फाट्याने जोडले गेले. मुंबईहून अमरावतीला पत्र लिहिणाऱ्याला या फाट्याची माहिती असण्याचे कारण नव्हते. तो पाकिटावर केवळ ‘अमरावती’ असे लिही. थैली कोणत्या गाडीत चढवायची आणि कोठे उतरवायची, हे टपाल खाते ठरवी.

१५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या पिनकोडने हेच तत्त्व अंकांत बांधले. ही पद्धत आखणारे केंद्रीय दळणवळण मंत्रालयातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे ख्यातनाम पंडित होते. सहा अंकांपैकी पहिले तीन अंक पत्राची वर्गवारी कोणत्या जिल्ह्यात होणार हे सांगतात आणि उरलेले तीन विशिष्ट टपाल कार्यालय दर्शवतात. अकोल्याचा ४४४००१ आणि अमरावतीचा ४४४६०१ हे दोन्ही क्रमांक ४४४ या एकाच वर्गवारी जिल्ह्यातील आहेत. येथे वर्गवारी जिल्हा महसुली जिल्ह्याची सीमा पाळत नाही; तो टपालाच्या सोयीने आखलेला आहे. पत्ता लिहिणाऱ्याला ही आखणी समजून घ्यावी लागत नाही, हीच या पद्धतीची उपयुक्तता होय.

२. एमएक्स नोंदीचा जन्म

ई-मेलच्या आरंभकाळात अशी फारकत सर्वत्र नव्हती. यूयूसीपी पद्धतीच्या जाळ्यात पत्र पाठवणाऱ्याला वाटेतील संगणकांची नावे उद्गारचिन्हांनी जोडून क्रमाने लिहावी लागत. पत्ता हाच मार्ग होता. मधला एखादा संगणक बंद पडला किंवा त्याचे नाव बदलले, की पत्ताच निरुपयोगी ठरे.

ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी ई-मेल वाहून नेण्याचा एसएमटीपी हा संकेत प्रसिद्ध केला. त्यानंतर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी डोमेन नावांच्या व्यवस्थेचा आराखडा मांडला. या पहिल्या आराखड्यात ई-मेलसाठी दोन वेगळ्या नोंदी होत्या : एक अंतिम मुक्कामाच्या संगणकाची आणि दुसरी पत्र स्वीकारून पुढे धाडणाऱ्या संगणकाची. या विभागणीत एक उणीव होती. नावांच्या सर्व्हरकडे आधीच्या विचारणेतून साठवलेली केवळ एकाच प्रकारची नोंद असली, तर विचारणाऱ्याला अपुरे उत्तर मिळण्याचा संभव राही.

जानेवारी १९८६ मध्ये या दोन नोंदींच्या जागी मेल एक्सचेंजर, म्हणजे एमएक्स, ही एकच नोंद आली. ती कशी वापरावी याचे नियम क्रेग पार्ट्रिज यांनी आरएफसी ९७४ या दस्तऐवजात दिले. प्रत्येक डोमेन नावापुढे पत्र स्वीकारणाऱ्या सर्व्हरची नावे आणि प्रत्येक नावासोबत पसंतीचा एक अंक, इतकीच या नोंदीची रचना आहे. जे संगणक इंटरनेटला कायमचे जोडलेले नव्हते, ठरावीक वेळी दूरध्वनीवरून संपर्क साधत, त्यांनाही या नोंदीमुळे इतरांसारखाच पत्ता मिळू शकला. त्यांच्या वतीने पत्र स्वीकारणारा दुसरा संगणक यादीत नमूद केला की पुरे होई.

३. निवड कोण करतो?

मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर तो स्वतःच आपले काम राखीव सर्व्हरकडे सोपवतो, असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. बंद पडलेला सर्व्हर काहीच सोपवू शकत नाही. निवड करतो तो पत्र पाठवणारा सर्व्हर, आणि ती तो पत्र घेणाऱ्या संस्थेने आधीच प्रसिद्ध केलेल्या यादीवरून करतो.

उदाहरणार्थ, अकोल्यातील एका महाविद्यालयाने आपल्या डोमेनच्या यादीत स्वतःच्या सर्व्हरपुढे १० आणि अमरावतीच्या एका सहयोगी संस्थेतील सर्व्हरपुढे २० हा अंक लिहिला आहे असे समजू. येथे लहान अंकाला पहिली पसंती असते. १० आणि २० यांतील अंतराला काही अर्थ नाही. १ आणि ५०० लिहिले तरी क्रम तोच राहील. दोन सर्व्हरना समान अंक दिला, तर पाठवणाऱ्याने त्यांपैकी एक यादृच्छिक रीतीने निवडावा असा नियम आहे. त्यामुळे कामाचा भार दोहोंत विभागला जातो.

आता अकोल्यात वीज नाही असे मानू. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने आणि लहान शहरांनी जे भारनियमन अनुभवले, ते पाहता ही कल्पना दूरची नाही. पुण्याहून पत्र पाठवणारा सर्व्हर प्रथम अकोल्याशी संपर्क साधू पाहतो. उत्तर न आल्यास तो अमरावतीच्या सर्व्हरकडे वळतो. अमरावतीचा सर्व्हर पत्र घेतो, परंतु ते प्राध्यापकांच्या पेटीत टाकत नाही. ते आपल्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा तीच यादी पाहतो. यादीत स्वतःचे नाव आढळल्यावर तो स्वतःला आणि आपल्याइतका किंवा आपल्याहून मोठा अंक असलेल्या सर्वांना वगळतो. उरतो फक्त अकोल्याचा सर्व्हर. हा नियम नसता, तर दोन राखीव सर्व्हर एकच पत्र एकमेकांकडे फिरवत राहिले असते. वीज आल्यावर पत्र अकोल्यात दाखल होते.

दोन मर्यादा येथे नोंदवल्या पाहिजेत. पहिली अशी की, राखीव सर्व्हर मौनावर उपाय आहे, नकारावर नव्हे. अकोल्याच्या सर्व्हरने ‘असा सदस्य येथे नाही’ असे कायमस्वरूपी नकाराचे उत्तर दिले, तर पाठवणारा अमरावतीकडे जात नाही. पत्र परत फिरते. दुसरी अशी की, राखीव सर्व्हर मुळीच नसला तरी पत्र लगेच नष्ट होत नाही. पाठवणाऱ्या सर्व्हरने ते आपल्या रांगेत ठेवून, साधारणतः किमान अर्ध्या तासाच्या अंतराने, पुन्हा प्रयत्न करावा आणि चार ते पाच दिवस तरी आशा सोडू नये, अशी शिफारस ऑक्टोबर २००८ च्या आरएफसी ५३२१ या दस्तऐवजातही कायम आहे.

४. भारतातील परिस्थिती

थांबून राहणाऱ्या पत्राची ही व्यवस्था भारतासाठी सोयीपेक्षा अधिक होती. अर्नेट हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने हाती घेतला. भारतीय विज्ञान संस्था, तेव्हाच्या पाच आयआयटी आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, या संस्था त्यात सहभागी होत्या. एनसीएसटीचे संचालक श्रीनिवासन रमणी यांचा या उभारणीत पुढाकार होता. १९८९ मध्ये मुंबईहून अमेरिकेतील यूयूनेटशी जोडणी झाली, ती सेकंदाला ९.६ किलोबिट वेगाची होती. त्याच वर्षी भारताचे डॉट इन हे डोमेन नोंदले गेले. अशा काळात परदेशातून आलेले पत्र वाटेत कोणीतरी धरून ठेवणे ही आपत्काळातील नव्हे, तर रोजची गरज होती.

वऱ्हाडातील सर्वसामान्य महाविद्यालये या जाळ्यापासून दूर होती. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ मध्ये आणि अमरावतीचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी स्थापन झाले. अमरावती विद्यापीठाचा जन्म आणि डोमेन व्यवस्थेचा पहिला आराखडा एकाच वर्षातील आहेत, हा योगायोग लक्षणीय आहे. परंतु या दोन घटनांची प्रत्यक्ष भेट होण्यास बराच काळ जावा लागला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सेवा सार्वजनिक केली, ती प्रथम महानगरांत. बीएसएनएलची ब्रॉडबँड सेवा जानेवारी २००५ मध्ये सुरू झाली. दरम्यान हॉटमेल १९९६ मध्ये आणि जीमेल एप्रिल २००४ मध्ये अवतरले होते. दूरध्वनीवरून जोडणी करणाऱ्या महाविद्यालयाला स्वतःचा सर्व्हर अहोरात्र चालू ठेवण्यापेक्षा अशा मोफत सेवेवर पत्ता उघडणे सोपे गेले. त्या परिस्थितीत हा निर्णय व्यवहार्य होता. त्याचा परिणाम मात्र दूरगामी ठरला.

५. राखीव सर्व्हरची उतरती कळा

इंटरनेटची जोडणी कायमस्वरूपी झाली तसे दूरच्या राखीव सर्व्हरचे महत्त्व घटले. त्याहून मोठे कारण अनाहूत ई-मेलचे होते. राखीव सर्व्हरवर छाननी सैल असते हे ओळखून असे ई-मेल पाठवणारे मुद्दाम मोठ्या अंकाच्या सर्व्हरकडे जाऊ लागले. अमरावतीच्या सर्व्हरकडे अकोल्याच्या महाविद्यालयातील सदस्यांची यादी नसेल, तर तो कोणत्याही नावाचे पत्र स्वीकारतो. पुढे अकोल्याने ते नाकारले, की परतीची सूचना पत्रावरील प्रेषकाच्या पत्त्यावर जाते. तो पत्ता बनावट असल्यास ती भलत्याच निरपराध व्यक्तीकडे पोहोचते. रक्षणासाठी ठेवलेले मागचे दार अशा प्रकारे उपद्रवाचे दार ठरले. आज अनेक संस्थांच्या यादीत एकाहून अधिक सर्व्हर दिसतात; परंतु बहुधा ते एकाच सेवादात्याचे असतात. एक यंत्र बंद पडल्यास दुसरे काम चालवते. सेवादात्याशी असलेला करारच संपला, तर यादीतील सर्व नावे एकाच वेळी निरुपयोगी होतात.

६. यादी लिहिण्याचा अधिकार

स्वतःचे डोमेन असलेली संस्था मात्र अशा प्रसंगी यादी बदलू शकते. केंद्र शासनाचे अलीकडील उदाहरण बोलके आहे. २०२५ पर्यंत केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या खात्यांसह १२ लाखांहून अधिक शासकीय ई-मेल खाती झोहो या भारतीय कंपनीच्या व्यवस्थेवर हलवण्यात आली. पत्त्यांतील शासकीय डोमेन तेच राहिले. सर्व्हर बदलला, पत्ता बदलला नाही. १९८६ च्या नोंदीने दिलेली शक्यता चार दशकांनंतरही तितकीच उपयोगी आहे, हे यावरून दिसते.

याउलट, मोफत सेवेवर उघडलेल्या पत्त्यात डोमेन सेवादात्याचे असते. त्याची एमएक्स यादी महाविद्यालय लिहू शकत नाही. खाते उघडणारे प्राध्यापक सेवानिवृत्त झाले, परवलीचा शब्द त्यांच्यासोबत गेला किंवा खाते गोठवले गेले, तर त्या पत्त्यावरील पत्रे दुसरीकडे वळवण्याचा कोणताही मार्ग संस्थेच्या हाती राहत नाही. मूल्यांकनाच्या पत्राला मुदत असते आणि विद्यार्थ्याच्या पदवी-पडताळणीच्या विनंतीमागे त्याची नोकरी असते. अशी पत्रे हरवण्याची किंमत संस्थेपेक्षा विद्यार्थ्याला अधिक मोजावी लागते.

निष्कर्ष

१) मुख्य व राखीव सर्व्हरमधील निवड पाठवणारा सर्व्हर करतो, निवडीचा क्रम मात्र पत्र घेणाऱ्या संस्थेने लिहिलेला असतो.

२) एमएक्स नोंदीचे ऐतिहासिक कार्य पत्त्याला वाटेपासून मुक्त करणे हे आहे. अनियमित जोडणी असलेल्या संस्थांना तिच्यामुळे समान पत्ता मिळाला.

३) तात्पुरत्या खंडात पत्राचे रक्षण करणारी मूळ तरतूद ही पाठवणाऱ्याकडील रांग आहे. राखीव सर्व्हर ही त्यावरील जोड आहे. तो ठेवायचा असल्यास त्याच्याकडे मुख्य सर्व्हरइतकीच काटेकोर छाननी आणि सदस्यांची अद्ययावत यादी हवी.

४) वऱ्हाडातील लहान महाविद्यालयांनी स्वतःचा सर्व्हर चालवण्याची आवश्यकता नाही. स्वतःचे डोमेन संस्थेच्या नावे नोंदवणे, त्याचे नूतनीकरण वेळेवर करणे आणि त्याच्या नोंदी बदलण्याचे अधिकार प्राचार्य कार्यालयाच्या दप्तरी ठेवणे मात्र आवश्यक आहे. सर्व्हर भाड्याने घेता येतो. पत्ता संस्थेच्याच मालकीचा असला पाहिजे.