‘होर्टुस मलबारिकुस’मधील नागरी पान

मलबारच्या वनस्पतींचे वर्णन करणारा ‘होर्टुस मलबारिकुस’ हा सचित्र लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅम येथे बारा खंडांत छापला गेला. पहिल्या खंडाच्या प्रारंभीच्या पानांत, लॅटिन मजकुराच्या गर्दीत, नागरी लिपीतले एक निवेदन आहे. त्याची भाषा कोकणी आहे आणि ते रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन वैद्यांच्या नावाचे आहे. एप्रिल १६७५ मध्ये कोचीन येथे ते लिहिले गेले. नागरी अक्षरे युरोपात छापली गेल्याच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत या पानाची गणना करावी लागते.

हे तिघे कोचीनच्या गौड सारस्वत समाजातले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी गोव्यात देवळे पाडली, धर्मांतराचा रेटा वाढवला, १५६० मध्ये इन्क्विझिशन आणले. तेव्हा अनेक कुटुंबे दक्षिणेकडे निघून गेली आणि त्यांतली बरीच कोचीनच्या राजाच्या आश्रयाला स्थिरावली. १६६३ मध्ये कोचीन डचांच्या हाती आले. १६७० ते १६७७ या काळात तेथे डच कंपनीचा प्रमुख असलेल्या हेंड्रिक व्हान रेडेने या ग्रंथाचे काम उभे केले. कंपनीच्या दवाखान्यांना लागणारी औषधे दूरवरून मागवण्याची गरज नाही, ती मलबारच्या रानातच मिळतात, हे त्याला दाखवून द्यायचे होते.

कामाची पद्धत खटाटोपाची होती. इट्टी अच्युतन या एळवा वैद्याने आपल्या घराण्यातल्या ताडपत्रांच्या आधारे मल्याळममध्ये माहिती सांगितली. एमानुएल कार्नेरो या दुभाष्याने ती पोर्तुगीजमध्ये उतरवली आणि तिथून ती लॅटिनमध्ये गेली. तिन्ही पंडितांनी निघंटूच्या आधारे वनस्पतींची नावे व गुणधर्म पडताळून दिले. ताज्या फांद्या समोर ठेवून गुटकिंट आदी चित्रकारांनी रेखाटने केली. अच्युतन व कार्नेरो यांचीही निवेदने याच खंडात त्यांच्या लिपींत आहेत. युरोपीय ग्रंथांत देशी जाणकार बहुधा ‘तेथील एक वैद्य’ एवढ्यावरच उरतो. इथे मात्र त्याचे नाव, भाषा आणि अक्षर तिन्ही जपले गेले, आणि या ग्रंथाचे खरे मोठेपण याच गोष्टीत आहे.

नागरी मजकूर खिळ्यांनी जुळवलेला नाही. तशी अक्षरे ॲमस्टरडॅमच्या छापखान्यात नव्हती, म्हणून हस्तलिखिताचे वळण पाहून ती कोरून काढावी लागली. वनस्पतींच्या ताम्रमुद्रित चित्रांवरही हीच रीत दिसते. पानाच्या कोपऱ्यात एकाच झाडाचे नाव रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा चार लिपींत येते. याआधी, १६६७ मध्ये, अथानासिउस किर्खर याच्या ‘चीना इलुस्त्राता’ या लॅटिन ग्रंथात नागरी वर्णमाला अशीच कोरून छापली होती. आग्ऱ्यास संस्कृत शिकलेल्या हाइन्रिख रोथ या जेझुइट पाद्र्याने ती पुरवली होती. पण ते झाले अक्षरांचे नमुने. कोचीनच्या पानावर जिवंत माणसांचे म्हणणे त्यांच्याच भाषेत आहे.

गोव्यात छापखाना १५५६ मध्येच आला, तरी तिथली मराठी-कोकणी पुस्तके रोमन लिपीत निघत राहिली. फादर स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये असेच छापले गेले आणि त्या आवृत्तीची प्रत आज कुठेही उपलब्ध नाही. नागरी खिळे वापरून छापलेले विल्यम कॅरीचे मराठी व्याकरण बंगालमधील श्रीरामपूरहून १८०५ मध्ये निघाले. त्याच वर्षी मिरजेला भगवद्गीता छापली गेली, ती मात्र तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरे कोरून. १८०५ च्या या दोन्ही प्रयत्नांच्या सव्वाशे वर्षांहून अधिक आधीचे कोचीनचे हे पान आहे. मुद्रणाच्या इतिहासात त्याला मिळते त्याहून ठळक जागा मिळायला हवी.

ग्रंथाचा प्रभाव वनस्पतिशास्त्रात टिकून आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ च्या ‘स्पेसिएस प्लांतारुम’मध्ये त्याचे वारंवार दाखले दिले. आपल्या बकुळीचे शास्त्रीय नाव ‘मिमुसॉप्स एलेंगी’. त्यातले ‘एलेंगी’ हे मल्याळम नाव याच ग्रंथातून आले. व्हान रेडे मात्र १६९१ मध्ये सुरतेच्या वाटेवर जहाजावर वारला. त्याची कबर सुरतेत आहे. अखेरचे खंड तो गेल्यावर निघाले.

पुढे अनेक प्रती फोडून त्यांतली चित्रे सुटी विकली गेली आणि आजही विकली जातात. चौकटीत बसवलेल्या अशा चित्रामागे कोणाची विद्या होती, हे एकट्या चित्रावरून कळत नाही. केरळचे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी आयुष्याची अनेक वर्षे देऊन सर्व खंडांचा इंग्रजी अनुवाद केला; तो २००३ मध्ये केरळ विद्यापीठाने प्रसिद्ध केला. मूळ खंड ‘बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी’च्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. मराठी वाचकाने पहिला खंड उघडून रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट यांचे पान एकदा तरी वाचावे.