नव्या पैशावर विश्वास कसा बसतो

पैसा बदलला की माणसे आधी शंका घेतात. आज घरोघरी शिकलेली मुले ‘बिटकॉइन घ्या’ म्हणून आईवडिलांच्या, मामा-मावशीच्या मागे लागतात आणि वडीलधारी माणसे मान हलवतात. यात शहाणे कोण, हे ठरवण्याआधी थोडे मागे पाहू.

सरकारी कागदी चलनाचा कायदा आपल्या देशात १८६१ साली झाला. तरी खेड्यापाड्यांत चांदीचा रुपयाच खरा! तो वाजवून घेता येई, गाडग्यात पुरून ठेवता येई. पहिल्या महायुद्धात चांदी कमी पडली, म्हणून ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची नोट निघाली. पुढच्याच वर्षी नोटा देऊन चांदीचे रुपये मागण्यासाठी लोकांनी गर्दी केली.

मग १ एप्रिल १९५७ रोजी नवे पैसे आले. सोळा आणे, चौसष्ट पैशांचा रुपया आता शंभर पैशांचा झाला. आण्याचे सव्वासहा पैसे होत. पण पाव पैसा कोठून आणायचा? म्हणून एका आण्याला सहा आणि चार आण्यांना पंचवीस पैसे ठरले. आण्याआण्याचा जिन्नस चार वेळा घेतला तर चोवीस पैसे पडत, एकदम घेतला तर पंचवीस! बायाबापड्यांना हा हिशेब फसवणुकीचाच वाटला असेल तर नवल नाही. तरी पैसा रुळला. जुनी नाणी काही वर्षे जोडीने चालली, हिशेबाचे तक्ते निघाले, टपालाची तिकिटेही नव्या पैशांत आली. १ जून १९६४ पासून ‘नवे’ हा शब्द गळाला. ‘चाराणे’ मात्र पंचवीस पैशांचे नाणे २०११ साली बंद होईपर्यंत, आणि पुढेही, तोंडी राहिले.

लोकांचा विश्वास बसला तो कोणाच्या आग्रहाने नव्हे. रोज दुकानात पडताळा येई, आणि मागे सरकार उभे होते.

बिटकॉइन ३ जानेवारी २००९ रोजी सुरू झाले. त्याच्यामागे सरकार नाही. त्याची वही जगभरच्या अनेक संगणकांवर असते आणि एकूण संख्या दोन कोटी दहा लाखांपुढे जाणार नाही, असा नियम आहे. मुले म्हणतात, सरकारनेही १९४६, १९७८ आणि २०१६ साली मोठ्या नोटा रद्द केल्याच की! हे म्हणणे पोकळ नाही. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे अडुसष्ट हजार डॉलर असलेला त्याचा भाव वर्षभरात सोळा हजारांवर आला, हेही खरे. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे त्याच्या नफ्यावर तीस टक्के कर आहे. पण म्हणून ते देशाचे चलन ठरत नाही.

आपल्या पुणे जिल्ह्यालाही याचा चटका बसला. ‘गेनबिटकॉइन’ नावाच्या योजनेत अठरा महिने दरमहा दहा टक्के देण्याचे आमिष होते. ओळखीच्याने ओळखीच्याला आणले, साखळी वाढली आणि पैसे अडकले. पुणे पोलिसांनी २०१८ साली तिच्या प्रमुखाला अटक केली.

तेव्हा भाचा आग्रह करू लागला तर त्याला हिडीसफिडीस करू नका. नीट विचारा : बाबा, भाव कोण ठरवतो? पैसे परत हातात कसे येतात? मला आणल्याबद्दल तुला काही मिळते का? उत्तर पटले तरी बुडाले तर चूल अडणार नाही एवढेच घाला. दुधाचा पगार, उसाचे बिल आणि बचत गटाची वर्गणी मात्र त्यात नको. नात्याचा विश्वास माणसावर असतो. पैशाचा विश्वास पडताळ्यावर असावा.