५२.८ टक्के

संपादक मंडळाने विषय खुला ठेवला, म्हणून हे धाडस करते आहे. आपल्या बॅचमधल्या बहुतेकांना अमेरिकन फुटबॉल म्हणजे हेल्मेट घातलेल्या धिप्पाड माणसांची धक्काबुक्की वाटते. नोकरीनिमित्त बफेलोजवळ, न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम टोकाला राहायला आले तेव्हा माझंही मत हेच होतं. पण इथे हिवाळा लांबलचक, बर्फ कमरेपर्यंत, आणि रविवारी दुपारी अख्खं गाव एकाच गोष्टीबद्दल बोलतं. ती गोष्ट म्हणजे बफेलो बिल्स.

या संघाचा इतिहास ऐकला की आपल्याकडच्या माणसाला पानिपत आठवावं. १९९१ ते १९९४ अशी सलग चार वर्षं हा संघ अंतिम सामन्यात, म्हणजे सुपर बोलमध्ये पोचला आणि चारही वेळा हरला. पहिल्यांदा तर एका गुणाने. शेवटच्या क्षणी ४७ यार्डांवरून मारलेली किक खांबाच्या उजवीकडून गेली. पुढे २००० पासून सलग १७ मोसम संघ बाद फेरीतसुद्धा गेला नाही.

एप्रिल २०१८ मध्ये बिल्सने जॉश ॲलन हा २१ वर्षांचा क्वार्टरबॅक सातव्या क्रमांकावर निवडला. क्वार्टरबॅक म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. चेंडू आधी क्वार्टरबॅककडे येतो. अंगावर धावून येणारे लोक पोचायच्या आत, तीनेक सेकंदांत, त्याने समोरचा बचाव ओळखायचा, आपल्यापैकी मोकळा कोण ते हेरायचं आणि धावत्या माणसाच्या हातात पडेल असा चेंडू फेकायचा. शंभरातल्या किती फेकी आपल्या माणसाने झेलल्या, ही त्याची टक्केवारी. आजकाल साठच्या खाली म्हणजे जवळपास नापासच.

ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या लहानशा शेतीच्या गावचा. शाळा संपली तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाने त्याला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. रीडलीच्या छोट्या कॉलेजात तो खेळला, तिथून देशभरच्या प्रशिक्षकांना ईमेल पाठवत राहिला आणि शेवटी वायोमिंगने त्याला घेतलं. हात तोफेसारखा, उंची साडेसहा फुटांच्या जवळ, पण वायोमिंगमधली टक्केवारी ५६. जाणकारांचं मत ठाम होतं: ताकद वाढवता येते, वाचन शिकवता येतं, अचूकपणा मात्र जन्मजात असतो.

मलाही ते पटलं. मी आकड्यांवर जगणारी बाई. मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर मी लिहून दिलं, ‘छप्पनचे अठ्ठावन्न होतील, पासष्ट कधीच नाही.’ खाली सही आणि तारीख.

पहिला मोसम माझ्या बाजूने गेला. सलामीलाच बिल्स बाल्टिमोरकडून ४७-३ असे हरले. ॲलनची वर्षाची टक्केवारी ५२.८, टचडाउनचे पास १०, आणि प्रतिस्पर्ध्यांनी झेललेले १२. मधेच मिनेसोटात त्याने अडवायला आलेल्या खेळाडूवरून चक्क उडी मारली आणि सामना जिंकला. मुलगा आठवडाभर सोफ्यावरून उड्या मारत होता. मी म्हटलं, ‘उडीचे मार्क टक्केवारीत धरत नाहीत.’ २०१९ मध्ये टक्केवारी ५८.८ झाली. माझं भाकीत खरं ठरलं होतं, आणि मी ते घरात दोन-तीनदा सुनावलंही.

२०२० मध्ये तीच टक्केवारी ६९.२ झाली. ४,५४४ यार्ड, टचडाउनचे ३७ पास. दोन वर्षांपूर्वी संपूर्ण मोसमात २६९ गुण करणाऱ्या संघाने ५०१ केले. १३ विजय, ३ पराभव, आणि १९९५ नंतर पहिल्यांदा गटाचं विजेतेपद.

इतिहासाच्या पेपरात ‘कारणे लिहा’ असा प्रश्न यायचा. पाच मुद्दे पाठ करून आपण ते सारख्याच मापाने लिहायचो. इथे तसं करून चालणार नाही. ॲलनची मेहनत आहेच: जॉर्डन पामर या जुन्या क्वार्टरबॅककडे जाऊन त्याने पाय, कमर आणि हात यांचा क्रम संगणकावर मोजून घेऊन पुन्हा बसवला. खांद्याच्या जोरावर फेकणारा मुलगा जमिनीपासून फेकायला शिकला. पण तेवढ्यावर आकडा एवढा उसळत नाही. २०१९ मध्ये त्याच्यापुढची संरक्षक फळी जवळजवळ नव्याने उभी केली गेली, कोल बीझली आणि जॉन ब्राउन हे झेलणारे आले. मार्च २०२० मध्ये पहिल्या फेरीची निवड देऊन मिनेसोटाहून स्टेफॉन डिग्ज आणला. त्या वर्षी त्याने १२७ झेल घेतले, साऱ्या लीगमध्ये सर्वाधिक. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटणारं कारण सर्वात कंटाळवाणं आहे: आक्रमणाची आखणी करणारा ब्रायन डेबॉल पहिल्या दिवसापासून तोच राहिला. तीच भाषा, त्याच खुणा, दर वर्षी थोडं अवघड.

हे महत्त्वाचं का, ते जॉश रोझनकडे पाहून कळतं. तोही २०१८ चाच, ॲलननंतर तीन क्रमांकांनी निवडलेला. फेकीतली सफाई बघून अनेकांनी त्याला सरस ठरवलं होतं. ॲरिझोनाने त्याच्या पहिल्याच मोसमात आखणीकार मध्येच काढला, मोसम संपल्यावर मुख्य प्रशिक्षक बदलला आणि पुढच्या एप्रिलमध्ये दुसरा क्वार्टरबॅक घेऊन याला मायामीला पाठवलं. तिथे सगळं पुन्हा नवं. त्याची कारकीर्द कधी उभीच राहिली नाही.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कारण फुटबॉल नव्हतं. काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखालच्या एका तरुण इंजिनिअरच्या वार्षिक मूल्यमापनात मी ‘मर्यादित कुवत’ असं लिहिलं होतं. त्याचे चुकांचे आकडे समोर होते, मला तेवढे पुरले. दीड वर्षात तो तीन वरिष्ठांकडे फिरला होता आणि प्रत्येकाने वेगळीच प्रणाली गळ्यात मारली होती, हे माझ्याच फाइलमध्ये होतं. मी ते वाचलं नव्हतं. तोवर तो नोकरी सोडून गेलेला होता.

नोव्हेंबर २०२० मध्ये ॲलनची आजी गेली. दुसऱ्याच दिवशी तो सिॲटलविरुद्ध खेळला, ४१५ यार्ड फेकले, बिल्स ४४-३४ जिंकले. गावकऱ्यांनी मग तिच्या नावाने इथल्या मुलांच्या रुग्णालयाला त्याच्या जर्सीच्या क्रमांकाएवढे, १७-१७ डॉलर पाठवायला सुरुवात केली. आकडा दहा लाखांच्या वर गेला. त्यात आमचेही १७ आहेत.

करोनामुळे त्या मोसमात इथलं स्टेडियम रिकामंच होतं. जानेवारीतल्या बाद फेरीला जेमतेम ६,७०० लोकांना आत सोडलं. इंडियानापोलिस आणि बाल्टिमोरला हरवून संघ कॅन्सस सिटीला गेला आणि तिथे ३८-२४ असा हरला. सुपर बोल तेव्हाही हुकला. ॲलन पुढे २०२४ च्या मोसमाचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, ती वेगळी कथा.

कॅन्सस सिटीच्या त्या रात्री टीव्ही बंद करून मी जेवणाची ताटं उचलली. मुलगा आतून वही घेऊन आला, मागचं पान उघडलं, माझ्या सहीखाली लाल पेनाने ६९.२ लिहिलं आणि त्याभोवती, आपल्या बाई पेपर तपासताना काढायच्या तसा, गोल काढला.