नागपूरची भूरूपे, हवामान आणि मानवी हस्तक्षेप

नागपूर शहर व त्याचा परिसर हा भूरूपे, हवामान आणि मानवी व्यवहार यांच्या परस्परसंबंधांच्या अभ्यासासाठी महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा प्रदेश मानला जातो. दख्खनच्या बेसाल्टचे पठार, गोंडवन काळातील कोळसाधारी खडक आणि त्यांहून कितीतरी जुने स्फटिकी खडक हे तिन्ही येथे काही किलोमीटरांच्या अंतरात एकमेकांना भिडतात. शहरातून नाग, पिवळी व पोहरा या तीन लहान नद्या वाहतात. तीन शतकांतील तलावबांधणी, दगडखाणी, कोळसाखाणी, राखेचे बंधारे आणि नगरविस्तार यांमुळे या प्रदेशाचे मूळ रूप बरेच बदलले आहे. २०२३ च्या सप्टेंबरमधील पुरानंतर हा बदल अभ्यासकांपुरता न राहता सार्वजनिक चर्चेचा आणि न्यायालयीन सुनावणीचा विषय झाला.

भूस्तर व भूरूपे

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंचीवर वसले आहे. जमिनीचा सर्वसाधारण उतार पश्चिमेकडून पूर्वेकडे आणि आग्नेयेकडे आहे. पश्चिम भागात बेसाल्टच्या सपाट माथ्याच्या टेकड्या आहेत. सेमिनरी हिल्स व सीताबर्डीची टेकडी ही त्यांची शहरातील परिचित उदाहरणे होत. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून हा बेसाल्ट तयार झाला. शहराच्या पूर्वेस तो संपतो आणि पट्टिताश्मासारखे प्राचीन खडक उघडे पडतात. ईशान्येला रामटेक तालुक्यात मनसर व कांद्री येथे याच प्राचीन खडकांच्या गटात मँगनीजचे साठे आहेत. उत्तरेस कामठीच्या बाजूला गोंडवन काळातील वालुकाश्म आढळतो. त्याला भूशास्त्रात ‘कामठी’ हेच नाव रूढ आहे.

सीताबर्डीच्या टेकडीला मराठ्यांच्या इतिहासात १८१७ च्या लढाईमुळे स्थान मिळाले. भूशास्त्रात तिचे महत्त्व निराळ्या कारणाने आहे. माथ्यावर बेसाल्ट, त्याखाली लामेटा थर आणि तळाशी झिजलेला स्फटिकी खडक असा क्रम या एका लहानशा टेकडीत एकोणिसाव्या शतकातच नोंदवला गेला. लाव्हा पसरण्यापूर्वी येथील जमीन कशी होती, याचा अंदाज लामेटा थरांवरून बांधता येतो.

नागपूरच्या भूशास्त्रीय अभ्यासाचा पाया स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश धर्मोपदेशकाने घातला. १८४५ मध्ये तो नागपुरात आला. फावल्या वेळात त्याने टाकळी व आसपासच्या भागांतून जीवाश्म गोळा केले. टाकळी हे तेव्हा शहराबाहेरचे खेडे होते. आता ते वायव्य नागपूरच्या वस्तीत पूर्णपणे सामावले आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या तेथील गाळाच्या खडकांत गोड्या पाण्यातील शंख-शिंपले आणि वनस्पतींचे अवशेष होते. उद्रेकांच्या मधल्या शांत काळात येथे तळी होती, हे त्यावरून स्पष्ट झाले. हिस्लॉप व त्याचा सहकारी रॉबर्ट हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरील निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ साली प्रसिद्ध झाला. ‘गोंडवन’ ही संज्ञा त्यानंतर, १८७२ मध्ये, एच. बी. मेडलिकॉट यांनी योजली. हिस्लॉपचा मृत्यू १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाट येथील शिलावर्तुळांची पाहणी करून परतताना पुराचे पाणी चढलेला नाला ओलांडण्याच्या प्रयत्नात झाला. एरवी कोरडे असणारे विदर्भातील नाले पावसाळ्यात काही तासांत कसे फुगतात, याचे हे आरंभीचे नोंदलेले उदाहरण म्हणता येईल.

हवामान

नागपूरचे हवामान उष्णकटिबंधीय व खंडांतर्गत स्वरूपाचे आहे. वार्षिक पाऊस सरासरी ११०० मिलिमीटरच्या आसपास पडतो. त्याचा बहुतांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. मे महिन्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. मेच्या अखेरच्या आठवड्यापासून सुरू होणाऱ्या नऊ दिवसांना ‘नवतपा’ म्हणतात आणि वैदर्भीय लोकव्यवहारात त्या दिवसांना स्वतंत्र स्थान आहे. अहमदाबादच्या धर्तीवर उष्णतेच्या लाटांसाठी कृती आराखडा स्वीकारणाऱ्या आरंभीच्या शहरांत नागपूरचा समावेश होतो.

३० मे २०२४ रोजी रामदासपेठेतील स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेल्याची बातमी देशभर पसरली. संवेदकातील बिघाडामुळे हा आकडा आल्याचे भारतीय हवामान विभागाने नंतर स्पष्ट केले. हवामानबदलाविषयी बोलताना एका केंद्राच्या एका दिवसाच्या आकड्यावर किती विसंबावे, हा प्रश्न या प्रसंगाने उभा केला. बातमी जितकी पसरली तितका खुलासा पसरला नाही.

नद्या व तलाव

नाग नदी शहराच्या पश्चिमेस लाव्हा गावाजवळील टेकड्यांत उगम पावते, अंबाझरी तलावातून पुढे येते आणि सुमारे १७ किलोमीटर शहरातून वाहते. नागपूर हे नाव या नदीवरून आल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. पिवळी नदी गोरेवाडा तलावाच्या बाजूने निघून मानकापूर, नारा या भागांतून उत्तर नागपूर ओलांडते आणि शहराच्या पूर्वेस नागेला मिळते. पोहरा नदी दक्षिण भागातील पाणी वाहून नेते. हे सारे पाणी कन्हान नदीमार्गे वैनगंगेत व पुढे गोदावरी खोऱ्यात जाते.

गोंड राजा बख्त बुलंद शाह याने १७०२ च्या सुमारास बारा वाड्या एकत्र करून शहर वसवले, असा परंपरागत इतिहास आहे. त्याचा उत्तराधिकारी चांद सुलतान याने ओढ्यावर बांध घालून जुम्मा तलाव बांधला. हाच आजचा गांधीसागर किंवा शुक्रवारी तलाव होय. भोसल्यांच्या काळात तेलंगखेडी (फुटाळा), सोनेगाव, सक्करदरा अशा तलावांची भर पडली. बेसाल्टचा उतार व लहान ओढे लक्षात घेऊन पावसाळ्याचे पाणी टप्प्याटप्प्याने अडवण्याची ही पद्धत होती. तलाव पाणी साठवीत आणि पुराचा जोरही मोडीत. पुढे नळाचे पाणी आले आणि या तलावांचे पहिले काम संपले. दुसरे काम मात्र चालूच होते, पण त्याची दखल घेणारे कोणी उरले नाही. लेंडी व नाईक तलावांच्या आसपास घरे उभी राहिली आणि तलावांचे क्षेत्र आक्रसत गेले. आज शहराला पाणी मुख्यतः पेंच प्रकल्पातून व कन्हान नदीतून मिळते.

जरीपटका व उत्तर नागपूर

उत्तर नागपुरातील जरीपटका ही वस्ती फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांमुळे वाढली. आजही तेथे सिंधी भाषकांची संख्या मोठी आहे. ‘जरीपटका’ हे मराठ्यांच्या जरीकाठी निशाणाचेही नाव आहे. इंदोरा, नारा, नारी या लगतच्या भागांसह हा परिसर पिवळी नदीच्या खोऱ्यात येतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती उत्तरेकडे सरकत गेली. नदीकाठच्या शेतजमिनींवर ले-आऊट पडले. शेतातून वाहणारे ओहोळ आधी नाल्या झाले, मग झाकलेली गटारे झाली. काळ्या मातीची जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे हलक्या पायाच्या बांधकामांना तडे जाणे या भागात नित्याचे आहे. नाग नदीच्या प्रदूषणाविषयी वर्षानुवर्षे लिहिले गेले, पण पिवळी नदी त्या मानाने दुर्लक्षित राहिली. तिच्या काठची वस्ती कष्टकऱ्यांची आहे, हेही त्याचे एक कारण असावे.

खाणी, राख आणि कृत्रिम टेकड्या

पश्चिम नागपुरातील ‘गिट्टीखदान’ हे वस्तीचे नावच तिचा भूरूपीय इतिहास सांगते. शहराच्या इमारतींना व रस्त्यांना लागलेली गिट्टी जवळच्या बेसाल्टच्या टेकड्या फोडून आली. खाणींच्या खड्ड्यांत पुढे पाणी साचले, काही खड्डे कचऱ्याने भरले आणि त्यांवर घरे झाली. पूर्वेस भांडेवाडी येथे उलट क्रिया घडली. तेथे शहराच्या कचऱ्याचा डोंगर उभा राहिला.

कामठी व उमरेड परिसरातील खुल्या कोळसाखाणींमुळे झालेले बदल याहून मोठ्या प्रमाणावर आहेत. कोळशावरील माती व खडक काढून बाजूला टाकल्यावर सपाट माथ्याच्या उंच टेकड्या तयार होतात. दुरून पाहणाऱ्याला त्या बेसाल्टच्या टेकड्यांसारख्या दिसतात, पण त्या सैल असल्याने पावसात वेगाने झिजतात आणि त्यांचा गाळ नाल्यांत उतरतो. वेस्टर्न कोलफील्ड्स या नागपुरात मुख्यालय असलेल्या कंपनीने भानेगाव येथे या टाकाऊ मातीतून वाळू वेगळी करण्याचा प्रकल्प चालवला. ही वाळू घरकुलांच्या बांधकामांना पुरवण्यात आली. कन्हानच्या पात्रातील वाळूउपशाला पर्याय म्हणून हा प्रयोग लक्षणीय ठरतो.

कोळसा जळाल्यावर राख उरते. कोराडी व खापरखेडा येथील औष्णिक वीजकेंद्रांची राख पाण्यात कालवून नळांद्वारे बंधाऱ्यांत सोडली जाते. १६ जुलै २०२२ रोजी अतिवृष्टीत खसाळा येथील राखेचा बंधारा फुटला. राखमिश्रित पाणी जवळच्या शेतांत, वस्त्यांत व नाल्यांत पसरले. पावसाचे प्रमाण, बंधाऱ्याची बांधणी आणि राखेची वाढती पातळी यांपैकी कशाचा वाटा किती, हे वेगळे काढणे अशा घटनांत कठीण असते. भूरूपशास्त्राच्या दृष्टीने हा बंधारा म्हणजे माणसाने केलेले भूरूपच होते आणि त्याचे अपक्षरण एका दिवसात झाले.

पूर : २०१८ व २०२३

६ जुलै २०१८ रोजी नागपुरात एका दिवसात अडीचशे मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला. तेव्हा विधिमंडळाचे पावसाळी अधिवेशन शहरात भरले होते. वीजपुरवठा यंत्रणेत पाणी शिरल्याने विधानभवन अंधारात गेले व कामकाज तहकूब करावे लागले.

२२ व २३ सप्टेंबर २०२३ च्या दरम्यानच्या रात्री पडलेला पाऊस त्याहून कमी होता. मात्र त्यातील शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस चारेक तासांत कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला आणि पहाटे झोपेत असलेल्या नागरिकांच्या घरांत नाग नदीचे पाणी शिरले. अंबाझरी ले-आऊट, कॉर्पोरेशन कॉलनी, डागा ले-आऊट या भागांना मोठा फटका बसला. हजारो घरांचे नुकसान झाले व जीवितहानीही झाली. बचावकार्यासाठी लष्कराची तुकडीही पाचारण करण्यात आली.

या दोन घटनांची तुलना उद्बोधक आहे. जुलैच्या आरंभी तलावांत पाणी सामावण्यास जागा असते. सप्टेंबरच्या अखेरीस ते काठोकाठ भरलेले असतात. त्यामुळे त्या वेळी आलेले पाणी थेट सांडव्यावरून खाली येते. अंबाझरीच्या सांडव्याखाली नागेचे पात्र भिंती, पूल व बांधकामांनी अरुंद झाले होते. सांडव्यासमोर उभारलेले विवेकानंद स्मारक पाण्याच्या वाटेत येते की नाही, हा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेला. शासनाने विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पात्र रुंद करणे, धरणभिंत मजबूत करणे व सांडव्याला दरवाजे बसवणे ही कामे त्यानंतर हाती घेण्यात आली. केवळ ‘ढगफुटी’ म्हणून या पुराकडे पाहणे अपुरे आहे. पाऊस निसर्गाचा असला तरी पाण्याला जाण्यास जागा न उरणे हे नगररचनेचे फलित होते.

प्रदूषण व पुनरुज्जीवन

नाग व पिवळी या नद्यांत पावसाळ्याव्यतिरिक्त वाहते ते प्रामुख्याने शहराचे सांडपाणी. कन्हान व वैनगंगेमार्गे ते गोसीखुर्द धरणाच्या जलाशयात पोहोचते. म्हणजे नागपुरातील सांडपाण्याचा त्रास भंडारा जिल्ह्यातील मासेमार व शेतकऱ्यांना सोसावा लागतो. राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखालील नाग नदी प्रदूषण नियंत्रण प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. त्याचा खर्च १९२५ कोटी रुपयांहून अधिक आहे. भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला पुरवण्याची योजना त्याआधीच कार्यान्वित झाली होती. तिची क्षमता दररोज १३ कोटी लिटर असून, औद्योगिक वापरासाठी सांडपाण्याच्या पुनर्वापराचे देशातील एक महत्त्वाचे उदाहरण म्हणून तिचा उल्लेख होतो.

अभ्यास, संस्था व परिषदा

राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी, स्थापना १९५८), राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य विभागीय कार्यालय या संस्था नागपुरात आहेत. माती, खडक, पाणी व उपग्रहचित्रे यांचा अभ्यास करणाऱ्या इतक्या संस्था एकत्र असणारी शहरे भारतात थोडीच आहेत. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठात जानेवारी २०२३ मध्ये १०८वी भारतीय विज्ञान काँग्रेस भरली. यापूर्वी १९७४ सालीही ही परिषद नागपुरात झाली होती.

आंतरराष्ट्रीय पातळीवर भूरूपशास्त्राच्या परिषदांची मालिका १९८५ मध्ये मँचेस्टर येथे सुरू झाली आणि १९८९ च्या फ्रँकफर्ट येथील दुसऱ्या परिषदेत आंतरराष्ट्रीय भूरूपशास्त्रज्ञ संघटना स्थापन झाली. या मालिकेतील नववी परिषद ६ ते ११ नोव्हेंबर २०१७ या काळात नवी दिल्लीत भरली. ‘भूरूपशास्त्र आणि समाज’ हे तिचे सूत्र होते. माणूस हाही नदी, वारा व हिम यांच्याप्रमाणे भूरूपे घडवणारा एक कारक आहे, हा विचार अशा परिषदांत आता सर्वमान्य आहे. ‘मानवयुग’ हा भूशास्त्रीय कालखंड औपचारिकपणे स्वीकारण्याचा प्रस्ताव मात्र मार्च २०२४ मध्ये नाकारण्यात आला. त्यामागे मुख्य मतभेद आरंभबिंदू व कालखंडाचा दर्जा यांविषयी होता. माणसाने भूपृष्ठ बदलले आहे, याविषयी नव्हता.

महाविद्यालयांच्या भूगोल विभागांना या अभ्यासासाठी फार दूर जावे लागत नाही. गोरेवाड्यापासून कन्हानपर्यंत पिवळी नदीच्या काठाने केलेल्या एका क्षेत्रभेटीत बेसाल्टचा उतार, बांधलेला तलाव, काँक्रीटच्या भिंतींतील पात्र आणि शहराबाहेरचा मोकळा, गाळाने भरलेला प्रवाह हे सारे क्रमाने पाहता येते.